जाम की जड

“जाम की जड?”

वर्कशॉपमध्ये गाडी घेऊन आलेला माणूस घाम पुसत सांगायचा, “स्टिअरिंग जाम झालं हो, मरता मरता वाचलो,” आणि काका चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत एवढंच विचारायचे. माणूस चिडायचा. मरता मरता वाचलेल्याला शब्दाचा अर्थ विचारल्यासारखंच होतं ते. “अहो, जाम म्हणजे जाम!” काका चष्मा डोळ्यांवर चढवायचे, काच अजून धुरकटच आहे असं वाटून पुन्हा काढायचे. “न्हाई, म्हणजे अजिबात फिरलंच न्हाई, की फिरलं पण जोर लागला? सावकाश सांगा. मला घाई न्हाई.”

बहुतेक वेळा जडच निघायचं. हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. आपला हात किती जोर लावतोय ते तो ओळखतो आणि त्या अंदाजानं एक छोटी मोटर आपल्या हाताला मदत करते. सेन्सर बिघडला, किंवा त्याला नीट वीज मिळाली नाही, की मोटर थांबते. चाक फिरतं, पण सगळा भार आपल्या खांद्यांवर येतो. हे समजावून झालं की काका हमखास पुढं म्हणायचे, “मदतीची सवय लागली की असं होतं बघा. मदत गेली की माणसाला वाटतं हातच गेला.” गिऱ्हाईक हसायचं नाही. आम्ही हसायचो.

आमचं वर्कशॉप चाकणजवळ निघोज्याच्या रस्त्याला होतं. पुढं कंटेनरची न हलणारी रांग, मागं कंपन्यांच्या भिंती. मी तिथं गाड्यांच्या तक्रारी लिहून घ्यायचे, गिऱ्हाइकांना फोन करायचे, त्यांचा राग ऐकायचे आणि आतल्या लोकांचा राग त्यांच्यापर्यंत पोचू द्यायचे नाही. काका विजेचं आणि सेन्सरचं काम बघायचे. पन्नाशी ओलांडून बरीच वर्षं झालेली. पिंपरीचे. वडील कारखान्यात, हेही कारखान्यात. मग त्यांच्या खात्याचं काम बंद झालं आणि ते आमच्याकडं आले. नाव सांगत नाही. आम्ही कुणीच ते कधी वापरलं नाही, आता कशाला.

काका कायम दमलेले असत. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो सकाळी कामावर येतो तोच संध्याकाळचा चेहरा घेऊन. गाडी तपासायला बसले तरी ते आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसत नसत. शेजारी बसायचे, सीट थोडी मागं करायचे, डोळे मिटायचे. नवीन आलेले लोक म्हणायचे, काका विचार करतायत. आम्हाला ठाऊक होतं. निम्म्या वेळा ते खरंच झोपलेले असत.

त्यांच्या त्या प्रश्नाची वर्कशॉपमध्ये पार चेष्टा झाली होती. कुणाच्या डब्याचं झाकण निघालं नाही की चार जण ओरडायचे, “जाम की जड?” एका मेकॅनिकचं लग्न ठरता ठरेना, तेव्हा त्यालाही कुणीतरी हेच विचारलं. काका म्हणाले, “जड हाय रे. फिरंल. जोर लाव.” पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. काका लग्नाला गेले, जेवले, आणि मांडवातल्या खुर्चीत झोपले.

चाकणच्या बाजारातला एक कांद्याचा व्यापारी आठवतो. त्याच्या गाडीचं स्टिअरिंग फक्त बाजाराच्या दिवशी जड व्हायचं. त्यानं दुसरीकडं सेन्सर बदलून घेतला होता, गाडीला लिंबू-मिरची बांधली होती, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून डिकीत कांदे ठेवणंही सोडलं होतं. आमच्याकडं आला तो भांडायच्या तयारीनंच. काका म्हणाले, “बाजाराच्या दिवशी मीच येतो तुमच्याबरोबर.” गेले. दुपारी परत आले ते नाकाला रुमाल लावून. झालं होतं असं, की हे शेठ मार्केटमध्ये गाडी जागेवर चालू ठेवून, एसी पूर्ण सोडून, आतूनच भाव ठरवत बसायचे. बॅटरी गाडीच्या सांगाड्याला जोडणारी वायर गंजलेली. तासन्‌तास असं बसल्यावर स्टिअरिंगच्या मोटरला पुरेशी वीजच उरायची नाही. वायर बदलली, संपलं. शेठ खूश. काकांना अर्धं पोतं कांदे पाठवले. काकांनी ते सगळ्यांना वाटले आणि म्हणाले, “एवढा वेळ गाडीत बसून शिव्या ऐकल्या मी. मोटर दमली त्यात तिची काय चूक.”

त्यांच्या घरी मी एकदोनदा गेले होते. काकू पिंपरीतल्या मोठ्या दवाखान्यात आया होत्या. दोघांच्याही पाळ्या. काका सांगायचे, “आमचा सगळा संसार दारात झाला बघ. मी निघालो की ती यायची. चप्पल काढता काढता ती सांगणार, भात झाकलाय. चप्पल घालता घालता मी सांगणार, पोराला ताप हाय.” हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. पण सांगताना जांभई यायची.

अशाच एका सकाळी ती गाडी आली. आली म्हणजे उचलून आणली. पोलिसांकडून सुटायला तिला महिन्याच्या वर लागला होता. पांढरी, जुनी घेतलेली, डावी बाजू चेपून पार मागच्या दारापर्यंत गेलेली. चालवणाऱ्याची बाजू त्या मानानं शाबूत. अशी गाडी आमच्याकडं अधूनमधून यायची, आणि आल्यावर त्या बाजूला कुणी फारसं फिरकायचं नाही. तिच्याबरोबर दोघं आले होते. एक तरुण, कपाळावर टाक्यांची ताजी खूण, पाय किंचित ओढत चालणारा. आणि एक बाई, तिशीच्या आतली, डोक्यावर पदर.

बाई माझ्यापाशी आली. म्हणाली, “आमाला दुरुस्ती नाही करायची. फकस्त बघून सांगा, गाडी खराब होती का.”

हळूहळू कळलं ते असं. दोघं भाऊ, नांदेडकडचे, निघोज्यात खोली करून राहायचे. दोघंही वेगवेगळ्या कंपन्यांत. ही थोरल्याची बायको, गावी सासरी राहायची, दोन लेकरांसह. तिच्या भावाचं लग्न होतं. थोरल्याला सुट्टी मिळाली, धाकट्याला फक्त लग्नाच्या दिवसाची. म्हणून धाकट्याची पाळी संपल्यावर दोघं तसेच गाडीनं गावाकडं निघाले. गाडी धाकटा चालवत होता. उजाडता उजाडता रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कंटेनरवर गाडी गेली. थोरला जागेवर गेला.

धाकट्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, स्टिअरिंग जाम झालं.

“गावात सगळे म्हणतात, ह्यांनीच सडकी गाडी घेतली,” बाई म्हणाली. “सासरे तर उठता बसता. म्हणतात, हौस नडली, स्वतः गेला आन्‌ भावालाबी घेऊन चालला होता. लेकरांच्या देखत म्हणतात.” ती थांबली. “ह्यांनी चार ठिकाणी फिरून, मिस्तरीला दाखवून घेतली होती हो गाडी. मला फोनवर दाखवली होती, दारं उघडून उघडून.”

धाकटा भिंतीकडं बघत उभा होता.

काका तोवर आमच्यामागं येऊन उभे राहिले होते. या वेळी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. स्कॅनर आणला, गाडीला दुसरी बॅटरी जोडली आणि वायर लावली. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं आली. शेजारी उभा असलेला आमचा मेकॅनिक मोठ्यानं म्हणाला, “हे बघा ना काका, टॉर्क सेन्सरचाच फॉल्ट! स्टिअरिंगचंच निघालं!”

धाकट्यानं भिंतीवरची नजर काढली. त्याचा चेहरा मी बघितला. बुडणाऱ्याला दोरी दिसावी तसा झाला. बाईनं पदर तोंडात धरला. तिच्या दृष्टीनं तर तो नवऱ्यानं सडकी गाडी घेतल्याचा पुरावाच होता.

“थांबा,” काका म्हणाले. “एवढ्यात काही सांगत न्हाई मी. धडकल्यावर वायरी तुटतात, तेव्हाबी हाच फॉल्ट दिसतो. उघडून बघावं लागंल. ताई, परवा या तुम्ही.”

ती दोघं गेली. बाई कुणा नात्यातल्यांकडं चाकणला उतरली होती. दोघं गेटपर्यंत बरोबर चालली आणि रस्त्यावर एकामागं एक झाली.

काकांनी त्या दिवशी दुसरी गाडी घेतली नाही. स्टिअरिंगचा दांडा उघडला, सेन्सर बाहेर काढला. वायर तुटलेली होती, पण तांबं चकचकीत होतं. जुना तुटका भाग असता तर काळा पडला असता. खालचा सांधा सोडवून सगळं हातानं फिरवून पाहिलं. मोकळं होतं. स्कॅनरमध्ये फॉल्टच्या क्षणाची नोंद असते, तीही पाहिली. फॉल्ट पडला तेव्हा गाडीचा वेग शून्य होता. म्हणजे गाडी थांबल्यावर. धडकल्यावर.

मी चहा घेऊन गेले तर ते टायरवर बसले होते.

“गाडी चांगली होती, पोरी,” ते म्हणाले. “गाडी चांगली निघाली की कुणालाच आनंद होत न्हाई बघ.”

मी म्हटलं, “काका, मग सांगायलाच पाहिजे का? सेन्सरचा फॉल्ट दिसला, एवढं म्हणू. खोटं नाही ते. माणूस तर गेला. त्या पोराला तरी जगू दे.”

काकांनी चहा बाजूला ठेवला. “मलाबी तेच वाटतंय,” ते म्हणाले. “पण गावानं सगळा दोष गेलेल्याच्या नावावर टाकलाय ना. तो कुठं येणार सांगायला.”

मग म्हणाले, “त्या पोराला उद्या बोलव. एकट्याला. मी बोलावलंय म्हणून सांग.”

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. कंपनीचा शर्ट अंगात होता. कामावर निघालाय असं खोलीत सांगून आला असावा. काकांनी त्याला आमच्या आवारात मागं नेलं. तिथं तसलीच एक गाडी उभी होती, दुसऱ्या गिऱ्हाइकाची, सर्व्हिसिंग होऊन तयार. काकांनी तिचा स्टिअरिंगचा फ्यूज काढून खिशात टाकला होता. मला म्हणाले, “तू मागं बस.”

“मी कशाला काका?”

“सोबत म्हणून बस. त्याला न्हाई, मला.”

धाकटा ड्रायव्हरच्या जागेवर बसायला तयार होईना. अपघातानंतर चाकाला हात लावला नव्हता त्यानं. काका शेजारी बसले आणि त्याच्याकडं न बघता समोर बघत राहिले. शेवटी तो बसला. काकांनी गाडी चालू करायला लावली.

“फिरव.”

त्यानं चाक फिरवलं. दोन्ही हातांनी, खांदे वाकवून. कपाळावरची खूण लाल झाली.

“असं झालं होतं?”

“हो,” तो म्हणाला. “असंच. असंच जाम झालं होतं.”

“जाम की जड?”

त्यानं चाक पुन्हा घट्ट धरलं. काकांनी वाद घातला नाही. गाडी बंद करायला लावली, वाकले, फ्यूज जागेवर बसवला आणि पुन्हा चालू करायला सांगितली. “आता फिरव.”

चाक एका बोटानं फिरावं तसं फिरलं. धाकट्यानं ते डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं, आणि मध्येच थांबला. हात चाकावरच राहिले. इंजिन चालू होतं. मागच्या भिंतीपलीकडच्या कंपनीत जेवणाचा भोंगा झाला, लोकांचे आवाज आले, गेले.

“काका,” तो म्हणाला. “हलकं होतं.”

काकांनी चष्मा काढला.

“मी फिरवलंच नाही. मला कंटेनर दिसलाच नाही. दादा म्हणला होता, मी चालवतो थोडं, तू दमलास. मी म्हणलं तू झोप रे, तुला तिकडं गेल्यावर पळापळ हाय. मग डोळे... मी नुसते मिटले. खरंच नुसते मिटले होते काका.”

मी मागच्या सीटवर बसून माझ्या हातांकडं बघत होते.

“मी पण झोपलो होतो एकदा,” काका म्हणाले. अगदी साध्या आवाजात, डब्यात काय आणलंय ते सांगावं तसं. “जागरणाची पाळी करून लुनावर घरी चाललो होतो. जाग आली तर मी खड्ड्यात आन्‌ लुना माझ्यावर. वरून लोक बघतायत. कपडे झाडले, घरी गेलो, बायकोला सांगितलं कुत्रं आडवं आलं. आजपर्यंत तिला तेच ठाऊक हाय. माझ्या मागं कुणी बसलेलं नव्हतं, एवढाच फरक. त्यात माझी काही हुशारी न्हाई.”

धाकटा तेव्हा रडला. चाकावर डोकं ठेवलं तर हॉर्न वाजला, आणि तो दचकून सरळ बसला, आणि पुन्हा रडला. काकांनी हात लांब करून इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “उद्या तुझी वहिनी येईल. मी सांगू की तू?”

“मी सांगतो.”

“गाडीचं मी सांगतो,” काका म्हणाले. “बाकीचं तू.”

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. काकांनी तिला चेपलेल्या गाडीपाशी नेलं, ती तुटलेली वायर दाखवली, चाक हातानं फिरवून दाखवलं. म्हणाले, “ताई, गाडीत काही खोट नव्हती. तुमच्या मालकांनी पारखून घेतली होती. ज्यानं त्यांना ही निवडून दिली त्या मिस्तरीचंबी बरोबर होतं.”

तिनं गाडीच्या टपावर हात ठेवला. मग तिनं मान वळवून धाकट्याकडं पाहिलं, कारण पुढचा प्रश्न आता उघडा होता. त्यानं सांगितलं. खाली बघून, एकाच दमात. दादा मी चालवतो म्हणत होता, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान त्याच्या थोबाडीत मारेल. ती एवढंच म्हणाली, “आप्पांना फोन लावा, भाऊजी. आत्ता. मला सांगितलं ते त्यांना सांगा. मोठ्या आवाजावर ठेवा.”

त्यानं लावला. फोन त्यानं गाडीच्या टपावर ठेवला. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, “बोल.”

“आप्पा, गाडी जाम नव्हती झाली. गाडी चांगली होती. मला डुलकी लागली होती.”

फोन चालू होता. एक शेळी ओरडत होती, कुणी बादली आपटली. आम्ही सगळे त्या फोनकडं बघत उभे होतो.

मग म्हाताऱ्यानं विचारलं, “तुझी वहिनी हाय का तिथं?”

“हाय.”

“तिला म्हणावं, जेवून निघ.”

फोन बंद झाला.

इतका वेळ कोरडी उभी असलेली ती बाई तिथं खाली बसली. चेपलेल्या दाराला टेकून, मांडीत तोंड घालून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती हुंदके देत एकच वाक्य म्हणत होती, ते मला आधी कळलं नाही. “आता म्हणाले. आता म्हणाले जेवून निघ.” नवऱ्याच्या मरणानंतर घरात तिला कुणी जेव म्हटलं नव्हतं, असा त्याचा अर्थ.

काकांनी तिला आमच्या जेवणाच्या खोलीत नेलं आणि स्वतःचा डबा उघडून पुढं ठेवला. “सासऱ्यांनी सांगितलंय. आता ऐकावं लागंल.” भाकरी आणि वांग्याची भाजी होती. ती अर्धी भाकरी जेवली. धाकटा बाहेर उन्हात उभा होता. मी चहा नेऊन दिला तो त्यानं हातात धरला, प्यायला नाही.

जेवून झाल्यावर ती चेपलेल्या गाडीत वाकून वाकून काहीतरी शोधत होती. मागच्या सीटवरून तिनं एक पिशवी काढली. लेकरांचे नवे कपडे होते, लग्नासाठी घेतलेले, घडीसुद्धा न मोडलेले. त्या पिशवीत हात घालून तिनं काचेचे तुकडे एकेक करून काढले आणि रुमालात बांधले. धाकटा पुढं झाला, “वहिनी, स्टँडपर्यंत सोडतो.” ती त्याच्याकडं न बघता गेटबाहेर गेली. काका तिच्यामागोमाग निघाले, दमलेल्या पायांनी, त्या उन्हात, बस मिळेपर्यंत थांबायला. परत आले ते सरळ एका गाडीत जाऊन बसले आणि सीट मागं केली. त्या दिवशी आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. बाईनं धाकट्याशी बोलणं सोडलं. घरात काही निरोप असला तर लेकराच्या तोंडून. म्हाताराही बोलेना, पण गावात कुणी गाडीचं नाव काढलं की म्हणायचा, गाडी चांगली होती. धाकटा कामावर जात राहिला. खोलीत पाच-सहा जण, पाळीपाळीनं झोपणारे, त्यात याला झोपच लागेना. डोळे मिटले की कंटेनर. कंपनीतल्या मशीनवर हात जाता जाता वाचला, तेव्हा तो काकांकडं आला.

काका त्याला म्हणाले, “मला काही येत न्हाई बाबा यातलं. पण आमच्या घरी दुपारी शांत असतं.”

त्यानंतर रविवारी तो पिंपरीला जायला लागला. काकू चटई टाकून द्यायच्या, काका शेजारी खुर्चीत बसायचे. पहिल्यांदा तो नुसता छताकडं बघत पडला म्हणे. काही रविवारांनी झोपला. काका वर्कशॉपमध्ये सांगायचे, “आमच्याकडं एक पोरगा झोपायला येतो. त्याला झोपवता झोपवता मीच झोपतो. बायको म्हणते दोन पोरं झाली मला.” हसायचे. पण त्या प्रकरणानंतर ते आणखी दमले, हे मला दिसत होतं. गिऱ्हाईक आलं की पूर्वीसारखे खोदून विचारत नसत. मी एकदा म्हटलंसुद्धा, “काका, हल्ली विचारत नाही तुम्ही.” तर म्हणाले, “विचारलं की ऐकावं लागतं ना पोरी. आधी वाटायचं, गाडीचं ऐकतोय.”

गेल्या थंडीत काका गेले. फार आजारी नव्हते. दम लागतोय म्हणाले, काकूंच्याच दवाखान्यात दाखल केलं, आणि थोड्या दिवसांत संपलं. शेवटी धाकटा होता जवळ. घरी बुद्धवंदना झाली तेव्हा तो मागं भिंतीशी बसला होता, नातलगांत नाही, पण आलेल्यांना पाणी देणारा तोच. कुणीतरी काकूंना विचारलं, हा कोण? काकू म्हणाल्या, “आमचाच आहे.”

परवा दुपारी आमच्या गेटपाशी एक बाई उभी दिसली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात बूट, खांद्याला डब्याची पिशवी. डोक्यावर पदर नव्हता म्हणून मी आधी ओळखलं नाही. ती आता लेकरांना घेऊन चाकणला आली होती, पार्ट तपासायच्या कामावर. सासऱ्यांनीच पाठवलं म्हणाली. इकडं शाळा बऱ्या आहेत.

“ते काका हायेत का?”

मी सांगितलं. तिनं माझ्यामागं आत, उभ्या गाड्यांकडं पाहिलं. रस्त्यावर तिची बस वाहतुकीत अडकलेली होती, म्हणून तर ती उतरून आली होती. ड्रायव्हर हाका मारत नव्हता, रांग हलायची चिन्हंच नव्हती.

“त्यांचा लई राग आला होता मला त्या दिवशी,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर. वाटलं, कशाला सांगितलं ह्या माणसानं. जाम झालं होतं म्हणला असता तर मी गेलेल्या एकाच्यावरच रडले असते.”

“आणि आता?”

“आताबी येतो कधीकधी.” तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “पण आप्पा आता ह्यांच्या फोटोपुढं बसून जेवतात. लेकरं बघतात ते.”

चहा घेणार का विचारलं, नको म्हणाली. मग तिनं काकांच्या घराचा पत्ता विचारला. पिंपरीत कुठं, कुठल्या बसनं, कुठं उतरायचं. मी सगळं नीट सांगितलं. तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

“काकूंना भेटून येते. रविवारी जाईन, त्याच दिवशी सुट्टी असती मला.”

मला गप्प राहवलं नाही. ती दारात जाऊन थबकेल, परत फिरेल, असं काहीतरी डोळ्यांपुढं आलं. म्हटलं, “ताई, रविवारी तिथं तुमचे दीर असतात. अजूनही जातात ते.”

बसची रांग तेवढ्यात जराशी हलली. ती रस्त्याकडं बघून एक पाऊल पुढं झाली आणि थांबली.

“ठाऊक हाय मला, लेकरांकडनं कळतं,” ती म्हणाली, “म्हणूनच पत्ता विचारला,” आणि बस पकडायला पळाली.